थोरल्याचा खोकला

२ जून, सोमवार

नव्या खोलीचा ताबा घेतला. नवी म्हणजे थोरल्याची. तो गेल्यापासून कुलूप होतं. किल्ली देताना डीन म्हणाला, "सर, तुम्हाला चालेल ना तिथे बसायला?" म्हटलं, न चालायला काय झालं? मी कायद्याचा माणूस. मेलेल्यावर दावा लावता येत नाही आणि त्याला हरकत घेता येत नाही. डीन बरं म्हणाला. (हा माझाच विद्यार्थी. दुसऱ्या खेपेला पास झाला होता. मी हे कधी बोलून दाखवत नाही.)

खोली फर्स्ट क्लास. मोठी खिडकी, दोन भिंती भरून पुस्तकं. माझ्या जुन्या खोलीच्या खिडकीतून जिन्याखालचे झाडू आणि बादल्या दिसायच्या. इथून आकाश दिसतं. खुर्ची मात्र उंच. थोरला ताडमाड होता. खुर्ची खाली घ्यायची दांडी गंजली आहे, त्यामुळे पाय तरंगतात. पायाखाली पर्यावरण करारांचा कोश ठेवला. पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडला असेल.

थोरला आणि मी एकाच वर्षी इथे लागलो. तेव्हा आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा शिकवतो म्हटलं की लोक विचारायचे, म्हणजे झाडं लावता का? तिथून आम्ही दोघांनी हा विषय इथे उभा केला. म्हणजे उभा मी केला, पुढे तो उभा राहिला. विद्यार्थी त्याला थोरले सर म्हणायचे आणि मला धाकटे सर. वास्तविक मी त्याच्याहून चार महिन्यांनी मोठा. हे मी डिपार्टमेंटमध्ये वेळोवेळी स्पष्ट केलेलं आहे. असो. आता तो प्रश्नच मिटला.

संकल्प: पुस्तक यंदा पूर्ण. सामायिक नद्यांच्या कमिशनवर थोरल्याची जी जागा रिकामी झाली आहे तिथे निवड. पोट.

४ जून, बुधवार

थोरल्याच्या कोर्सचा पहिला तास. वर्ग तुडुंब. एका देशाचा धूर दुसऱ्या देशात गेला तर जबाबदार कोण, हा विषय. मुद्देसूद बोललो. मुलं इतकी शांत की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी म्हटलं, प्रश्न विचारा. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, थोरले सर हे शिकवायचे तेव्हा तुम्ही मधेच दारातून येऊन त्यांना अडवायचात ना? आमच्या सीनियर्सनी सांगितलंय. मग तासभर नुसती जुगलबंदी. ते आता नाही का होणार?"

वर्ग हसला. मीही हसलो. आता मी कुणाला अडवू? शिकवतोय मीच.

११ जून, बुधवार

पुस्तकाचं चौथं प्रकरण काढलं. सूचनेचं कलम. नदीच्या वरच्या अंगाला जो देश आहे त्याच्याकडून पाण्यात काही घातक सुटलं, तर त्यानं खालच्या देशाला कळवायचं, असं हे कलम. यावर दोन मतं आहेत. थोरल्याचं मत: "कळवील." पूर्णविराम. माझं मत: "शक्य तितक्या प्रमाणात कळवील." त्याशिवाय सरकारं सही करत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही समजतं. या तीन शब्दांवर आम्ही उभी हयात भांडलो. तो कमिशनवर गेला आणि मी गेलो नाही, एवढ्यावरून त्याचं बरोबर ठरत नाही.

दुपारी चहा झाल्यावर ते वाक्य टाइप केलं. पूर्णविराम दिला. आणि खोकला ऐकू आला.

खोकला म्हणजे घसा साफ करणं. आधी एक आखूड, मग एक लांब. माझं वाक्य संपलं की थोरला असाच खोकायचा. मग "बरं का" म्हणायचा, आणि त्यानंतर माझ्या वाक्याचं काही खरं नसायचं.

वळून पाहिलं. पुस्तकं. खिडकी. बंद दार. "बरं का" आलं नाही. बराच वेळ थांबलो.

अ‍ॅसिडिटी असणार.

१२ जून, गुरुवार

रीतसर चौकशी केली. शेजारच्या खोलीत नवी मॅडम बसते. थोरल्याची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी, आता आमच्याकडेच शिकवते. वय लहान, मतं मोठी. तिला विचारलं, काल दुपारी खोकलीस का? "नाही सर, मी क्लासवर होते." वरचा मजला रिकामा. मग हेडक्लार्कबाईंना विचारलं, त्या भिंतीतून पाण्याचा पाइप जातो का? म्हणाल्या, "त्या भिंतीत पाइपच नाही. आणि सर, एक सांगू का? तुम्ही ती खोली घ्यायला नको होती." म्हटलं, का? तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुमच्या जुन्या खोलीत झेरॉक्स मशीन बसवलंय. आता परत जायची सोय नाही."

मी परत जातोय कशाला?

१९ जून, गुरुवार

निरीक्षणांती असं दिसतं: खोकला उगीच येत नाही. मी "शक्य तितक्या प्रमाणात" लिहिलं की येतो. "योग्य वाटल्यास" लिहिलं तर जरा लांबतो. मंगळवारी "सदिच्छेने प्रयत्न करील" लिहिलं, तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी घाबरलेलो नाही. केवळ भाषेच्या ओघासाठी आज ते वाक्य बदललं. नुसतं "कळवील" ठेवलं. खोली एकदम शांत झाली. कुणीतरी समाधानानं टेकून बसावं तशी शांत. मला रागच आला. मोठ्यांदा म्हणालो, "हे तात्पुरतं आहे, जास्त खूश होऊ नकोस." आणि वाक्य पूर्ववत केलं. लगेच खोकला.

बरं वाटलं. म्हणजे कामात लक्ष लागलं, या अर्थानं.

घरी हिला काही सांगितलेलं नाही. जेवताना ही म्हणाली, "अहो, हल्ली बोलता बोलता असे थांबता काय? वाक्य संपवता आणि बघत बसता. मी काही बोलायचं असतं का तिथे?" म्हटलं, विचार करतो. ही म्हणाली, "तो तुम्ही पूर्वी बोलताना करायचा नाहीत."

२७ जून, शुक्रवार

आनंदाची बातमी. डीननं चहाला बोलावलं. कमिशनवरच्या जागेसाठी आमच्या विद्यापीठातून दोन नावं मुलाखतीला जाणार. एक माझं. दुसरं नव्या मॅडमचं. दुसरं नाव लागतंच, फॉर्म्यालिटी असते. बिचारीला अनुभव मिळेल.

डीन म्हणाला, "सर, तुम्हाला ताण वाटत असेल तर आत्ताच सांगा. मी समजू शकतो." उमेदवाराच्या तब्येतीची इतकी काळजी घेतात, याचा अर्थ निर्णय जवळजवळ झालेलाच आहे. नवा सूट शिवायला टाकला. शिंपी म्हणाला, कमरेला थोडं सैल ठेवू का? म्हटलं, नको. मुलाखतीपर्यंत मी बारीक होणार आहे.

खोलीत आल्यावर सहज म्हणालो, "ऐकलंस का? तुझी जागा मला मिळतेय." काही आवाज नाही. जळला असेल.

३ जुलै, गुरुवार

वहिनींकडे गेलो. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. खोलीतल्या कपाटात त्याचा स्वेटर आणि थर्मास निघाला, तो पोचवायला. घर तसंच आहे. दाराशी त्याचे बूट, खुंटीवर छत्री. वहिनींनी स्वेटर मांडीवर घेतला आणि घडी मोडून पुन्हा घातली. म्हणाल्या, "घरी आला की रोज तुमच्या भांडणाची गोष्ट सांगायचा. तुम्ही काय म्हणालात, तो काय म्हणाला. त्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही."

यावरून माझ्या मुद्द्यांचं वजन लक्षात येतं.

बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं की तो अजून खोकतो. वाटलं, आता वहिनी रडणार, नाहीतर मला हाकलणार. त्यांनी कप खाली ठेवला. "काय म्हणतो?" म्हटलं, म्हणत काही नाही. नुसता खोकतो. "आधी आखूड, मग लांब?" हो, म्हटलं.

वहिनींनी स्वेटर बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊजी, मी रोज वाट बघते. सगळं जिथल्या तिथे ठेवलंय. मला एकदाही काही ऐकू आलं नाही. आणि तुमच्याकडे येतो!" रागावल्या होत्या. माझ्यावर की त्याच्यावर, कळलं नाही. निघताना विचारलं, "मी येऊन बसले तर चालेल तुमच्या खोलीत? थोडाच वेळ."

नाही कसं म्हणणार?

८ जुलै, मंगळवार

वहिनी दुपारी आल्या. त्यांना टेबलाच्या डाव्या बाजूची, येणाऱ्या-जाणाऱ्यांची खुर्ची दिली. मी टाइप करायला बसलो. "शक्य तितक्या प्रमाणात." काही नाही. "परिस्थिती पाहून." काही नाही. "राष्ट्रीय हिताला बाधा येणार नाही अशा बेताने." असलं वाक्य मी जन्मात लिहिलं नव्हतं. थोरला असता तर त्यानं टेबल उलटं केलं असतं. काही नाही. शेवटी लिहिलं, "वाटल्यास कळवील, न वाटल्यास राहू देईल."

काही नाही.

वहिनी दाराकडे बघत होत्या, मग पुस्तकांकडे, मग खिडकीकडे. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तशा बसल्या होत्या. खिडकीतलं ऊन टेबलावर आलं आणि टेबलावरून खाली उतरलं. त्यांचा चहा तसाच राहिला. एकदा बाहेर कुणीतरी चाललं तेव्हा ताठ झाल्या. पावलं पुढे निघून गेली.

त्यांचा चेहरा मला बघवेना. खिडकी लावायच्या निमित्तानं उठलो, त्यांच्याकडे पाठ केली आणि खोकलो. आधी आखूड, मग लांब. हुबेहूब आला. एवढी वर्षं ऐकलाय.

मागे काही हालचाल नाही. वळलो तेव्हा वहिनींचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळानं उठल्या. "बरं वाटलं," म्हणाल्या. दारात पुन्हा थांबल्या. "भाऊजी, घशाला जपा."

त्यांना शंका आलेली नाही. हवा बदलली की सगळेच घशाबद्दल बोलतात.

१४ जुलै, सोमवार

पुस्तक: चौथं प्रकरण, वाक्य तेच. प्रकाशकाचा फोन आला होता. त्याला म्हटलं, घाई करू नका, एका वाक्यावर जगातल्या नद्या अवलंबून आहेत. तो म्हणाला, नद्या थांबतील, छपाईवाला थांबणार नाही. उद्धट माणूस. पोट: मोजलेलं नाही.

वहिनी येऊन गेल्यापासून तो जास्तच येतो. मी खोकलो म्हणून चिडला असावा. आता वाक्य लिहायच्या आधीच खोकतो. मनात आलं की खोकतो. आज जिन्यात खोकला. वर्गात फळ्याकडे पाठ करून लिहीत होतो तेव्हा अगदी कानाशी. खडू मोडला. मुलांना म्हटलं, खडू हल्ली हलक्या दर्जाचे येतात.

२१ जुलै, सोमवार

तो आता दिसतोही. म्हणजे दिसत नाही. डावीकडची खुर्ची रिकामी असते, पण रिकाम्या खुर्चीसारखी रिकामी नसते. आज एक विद्यार्थिनी सही घ्यायला आली आणि सरळ त्या खुर्चीत बसायला लागली. मी ओरडलो, "तिथे नको!" बिचारीनं उभ्यानंच सही घेतली. संध्याकाळी खिडकीच्या काचेत माझं प्रतिबिंब पडतं, ते माझ्याहून उंच दिसतं. खुर्चीमुळे.

मुलाखतीची तयारी जोरात. उत्तरं मोठ्यांदा म्हणतो. प्रत्येक उत्तरानंतर जरा थांबतो, हरकतीला जागा म्हणून. दारावर टकटक झाली. नवी मॅडम. म्हणाली, "सर, आत कुणी आहे का? मी नंतर येऊ?" म्हटलं, ये, एकटाच आहे. ती आत आली आणि डावीकडच्या खुर्चीपाशी उभीच राहिली. तिनं हळू आवाजात विचारलं, "थोरले सर आता इथे बसतात?"

म्हटलं, नाही. तो इकडे बसायचा, जिथे मी बसलोय. तिथे मी बसायचो.

 ती काय विचारायला आली होती ते न विचारताच गेली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मुलाखत झाली! सविस्तर लिहितो, पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल.

लांब टेबल. पलीकडे पॅनेल, मध्यभागी अध्यक्षबाई. अलीकडे दोन खुर्च्या. मी उजवीकडची घेतली. डीन पाहुणा म्हणून मागे भिंतीशी बसला होता. नव्या मॅडमची मुलाखत आधी झाली, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आली. काही बोलायलाच सुचलं नसणार.

अध्यक्षबाईंनी नेमकं तेच विचारलं. सूचनेचं बंधन पक्कं असावं की परिस्थितीनुसार? मनात म्हटलं, आली संधी. सरकारं का कचरतात, सह्या कशा मिळवतात, सगळं सांगितलं. "शक्य तितक्या प्रमाणात" वर येऊन थांबलो.

डावीकडून काही आलं नाही. अख्ख्या पॅनेलसमोर थोरला गप्प! असा तो कधीच बसत नाही. त्याची बाजू मांडायला तिथे दुसरं कुणी नव्हतं आणि तशीच वाऱ्यावर सोडणं बरं दिसेना, म्हणून ती मी मांडली. त्याला माझं उत्तर दिलं. मग त्याचं प्रत्युत्तर, तेही मीच. फार रंगलं. वरच्या देशातल्या खाणीचं विषारी पाणी नदीत सुटलं होतं, तो प्रसंग मी त्याच्या बाजूनं सांगितला. खालच्या गावाला कळलं तोवर लोक ते पाणी प्यायले होते. थोरला त्या गावाला जाऊन आला होता. तिथे एका आईनं त्याला विचारलं होतं, "फोन करायला किती वेळ लागतो हो?" त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, हा काही कायद्याचा मुद्दा नाही. आज तो प्रश्न मी विचारला. त्याच्याच सुरात निघाला. फोन करायला किती वेळ लागतो?

यावर मला उत्तर द्यायचं होतं. माझ्या बाजूनं. तयार होतं.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि यातलं तुमचं मत कोणतं?" मी तोंड उघडलं आणि वेळ संपली.

पॅनेल अक्षरशः नि:शब्द. निघताना अध्यक्षबाईंनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. झाल्यात जमा. सूट कमरेला काचतो.

२ ऑगस्ट, शनिवार

 आज डीन फोनवर म्हणाला, "सर, तुम्ही त्या रिकाम्या खुर्चीला म्हणत होतात, थांब जरा, माझं होऊ दे. दोनदा म्हणालात."

अशक्य. एखाद्या वेळी म्हणालो असेन.

डीन म्हणाला, "सर, आम्हालाही त्यांची आठवण येते." म्हटलं, कुणाची? तो म्हणाला, "राहू दे."

१९ ऑगस्ट, मंगळवार

कमिशननं नव्या मॅडमची निवड केली.

समजण्यासारखं आहे. त्यांना कोवळं कुणीतरी हवं असणार, वळवता येईल असं. दोन्ही बाजू इतक्या ताकदीनं मांडणारा माणूस एका खुर्चीत मावायचा नाही, हे त्यांनी ओळखलं. ती सांगायला आली तेव्हा तिचाच चेहरा पडलेला. मीच तिला धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, चुका होतातच.

हिला सांगितलं. वाटलं, चिडेल, निदान कमिशनला दोन शब्द ऐकवेल. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला त्याची जागा हवी होती की तो?"

प्रश्न संदिग्ध होता. 

२७ ऑगस्ट, बुधवार

मुलाखतीपासून खोकला नाही.

आधी वाटलं, लाजला असेल. ऐनवेळी गप्प बसला, आता कुठल्या तोंडानं येणार? मग वाटलं, खोलीत ऐकू येत नसेल, म्हणून पुस्तकांची दोन कपाटं हलवून घेतली. खिडकी उघडून पाहिली, लावून पाहिली. जिन्यात थांबून पाहिलं. वर्गात मुद्दाम फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो, इतका वेळ की मुलं चुळबुळ करायला लागली.

आज सबंध चौथं प्रकरण पाणचट करून टाकलं. एका पानावर इतक्या पळवाटा घातल्या की कुठलंही सरकार डोळे मिटून सही करील. लिहिताना माझाच हात आखडत होता. शेवटचा पूर्णविराम दिला आणि म्हणालो, "घे. बोल आता."

खाली झेरॉक्स मशीन चालू होतं. तेवढाच आवाज.

डावीकडची खुर्ची आता रिकाम्या खुर्चीसारखीच रिकामी आहे. हे शास्त्रीयदृष्ट्या समाधानकारक आहे. भास होते, गेले. भूक मात्र नाही. त्यामुळे पोट कमी होईल, हा एक फायदा.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी नवी मॅडम आली. कमिशनच्या पहिल्या बैठकीसाठी तिनं सूचनेच्या कलमाचा मसुदा केला आहे. म्हणाली, "सर, हा आधी तुमच्यासमोर टिकायला हवा. थोरले सर प्रत्येक मसुदा आधी तुमच्याकडून फाडून घ्यायचे. म्हणायचे, तिथे कुणी काहीही विचारू दे, यानं ते आधीच विचारलेलं असतं." मग म्हणाली, "प्लीज, दयामाया नको."

म्हणजे इतकी वर्षं कमिशनचा खरा सल्लागार मी होतो! हे उघड झालं ते बरं झालं. तिला दुपारी बोलावलं, घरी हिला फोन करून सांगितलं आणि तयारीला बसलो. ठरवलं, चिंध्या करायच्या. तरुण माणसाला सुरुवातीलाच ठोकून काढलेलं बरं असतं. हरकती मनात मांडून ठेवल्या. एकाहून एक धारदार.

दुपारी ती आली, बसली आणि वाचायला लागली. "वरच्या देशाला धोका कळताक्षणी तो खालच्या देशाला कळवील." पूर्णविराम. कागद खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

मी "पण" म्हणायला तोंड उघडलं. नेहमीचं, सवयीचं "पण". आलं नाही. हरकती सगळ्या पाठ होत्या, एकीलाही पुढे यावंसं वाटेना. वाक्य पुन्हा वाचलं. बाहेर कुठेतरी दार वाजलं.

म्हटलं, "बरोबर आहे."

ती म्हणाली, "सर, नीट बघा ना."

म्हटलं, "बघितलं. बरोबर आहे."

ती थांबली. मीही थांबलो. कुणीतरी यायचं राहिलंय आणि त्याच्याशिवाय सुरुवात करता येत नाही, अशी दोन माणसं बसतात तसे बसलो. शेवटी तिनं कागद गोळा केले. विचारलं, "मग मी आता कुणाशी भांडू?" विनोदानं विचारलं असावं. मला हसू आलं नाही. तिलाही आलं नाही.

लवकर घरी आलो. हिनं दार उघडलं. म्हणाली, "आज भांडण होतं ना तुमचं? कसं झालं?" म्हटलं, झालंच नाही. तो बरोबर होता.

"ती" म्हणायचं होतं मला. ती बरोबर होती.

  हिनं मला सोफ्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसली, माझा चष्मा काढून घेतला आणि पुसायला लागली. चष्मा पुसून झाला तरी परत देईना. मग दुसऱ्या हातानं माझी पाठ थोपटायला लागली, लहान मुलाची थोपटतात तशी. म्हणाली, "होऊ दे. होऊ दे." काय होऊ दे ते कळलं नाही. बराच वेळ होत राहिलं.

कोपऱ्यावर रस्ता खोदून ठेवलाय, त्याची धूळ डोळ्यांत गेली आहे. उद्या पालिकेत जाऊन कडक तक्रार करतो.